सहा-चार

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

आज जिमखान्याच्या टेनिस समितीनं मला स्पर्धेचा सचिव केलं. घरी येऊन बायकोला, सुलेखाला सांगितलं तर ती म्हणाली, "बिनपगारी का?" मी हो म्हणालो. "मग तुम्हालाच देणार," असं म्हणून मेथी निवडत बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईला कुठल्याही गोष्टीत आधी पगार दिसतो, त्याला इलाज नाही.

सचिवपद मी एकाच कारणासाठी घेतलं. गेल्या वर्षी प्रौढांच्या एकेरीत मला एका पगारी प्रशिक्षकानं हरवलं. बाहेरगावाहून आला, चषक उचलला, गाडीत घातला, गेला. दिवसभर हेच काम करणारा माणूस तो. त्याच्यापुढं, जन्मभर चितेगावच्या कारखान्यात टूलरूम सांभाळून संध्याकाळी खेळणाऱ्यानं काय करायचं? मला चषकाचं दुःख नाही. तत्त्वाचं आहे. (चषकाचंही आहे. इथं खोटं लिहून काय उपयोग.)

यंदा हे होऊ देणार नाही. जुना जर्मन टेनिसपटू आर्न्ट, त्याच्या काळचा नियम आणतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लुडविग आर्न्टची आत्मकथा मराठीत करतोय, त्याला आता दोन पावसाळे झाले. शहाण्णव साली कंपनीनं मशीन शिकायला सहा महिने जर्मनीला धाडलं होतं, तेव्हा एका रद्दीवाल्याकडं हे पुस्तक मिळालं. वर पांढऱ्या लांब पँटीतला माणूस, बॅकहँड मारताना. तेवढ्या चित्रासाठी घेतलं आणि ते वाचता यावं म्हणून जर्मन पुढं शिकत राहिलो. मी हातानं लिहितो, आमची मुलगी अमृता कॉम्प्युटरवर उतरवते.

आज युद्धाचं प्रकरण झालं. आर्न्ट ऱ्हाइनकाठच्या द्राक्षदारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तेविसाव्या वर्षी देशातला पहिला खेळाडू. इंग्लंडात अंतिम सामन्यात दोन सेट पुढं असताना हरला आणि तरी समोरच्याला खांद्यावर उचलून तंबूपर्यंत नेलं. १९१४ साली अमेरिकेतून खेळून परतत होता, जहाज समुद्रात असताना युद्ध जाहीर झालं, इंग्रजांनी जहाज अडवलं आणि याला थेट छावणीत टाकलं. चार वर्षं. सुटला तर जर्मनांना बाहेरच्या स्पर्धा बंद. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. माणूस कुठल्या घरात जन्मला यावरून त्याला खेळाबाहेर काढायचं, याच्याइतकी नीच गोष्ट दुसरी नाही. लिहिताना माझी पेन्सिल तुटली.

आणि तरी बेचाळिसाव्या वर्षी हा पठ्ठ्या परत राष्ट्रीय विजेता झाला. एक पैसा न घेता. याला म्हणतात हौशी.

पुढचं प्रकरण त्याच्या सरावाच्या माणसाचं आहे. कास्पर नावाचा कोणी, क्लबाचा नोकर. ते गाळलं. कामाचं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बैठक झाली. मी नियम वाचून दाखवला: टेनिसच्या निमित्तानं ज्यानं कधीही, कोणत्याही रूपात मोबदला घेतला असेल, त्याला या स्पर्धेत खेळता येणार नाही. एक-दोघांनी कुरकुर केली. 'कधीही' काढा म्हणाले. मी म्हणालो, तोच तर प्राण आहे, नाहीतर हे लोक महिनाभर नोकरी सोडतील आणि खेळतील. मला सगळ्यात जास्त साथ दिली गोकुळभाऊंनी. चिकलठाण्याला त्यांची जमीन होती, आता तिथं इमारती आहेत, आणि दिवसातून दोनदा टेनिस खेळायला गोकुळभाऊ मोकळे आहेत. प्रौढांच्या दुहेरीत ते माझे जोडीदार. त्यांची संस्कृती यंदा महिला एकेरीत आहे, आमची अमृताही आहे. जिंकेल ती जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेला जाणार. अमृताचं वय चोवीस, तिला हे यंदाच हवं आहे, पुढच्या वर्षापासून संघात नवीन पोरी घेणार म्हणतात.

नियम मंजूर झाला. बैठकीनंतर चहा पिताना एक जुने सदस्य दुसऱ्याला सांगत होते, "हे आपल्या कडुबा मार्करचे चिरंजीव बरं का." मी ऐकलं नाही असं केलं. सव्वीस वर्षं झाली मला सदस्य होऊन. वर्गणी यांच्याइतकीच भरतो.

बा इथं मार्कर होता, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोर्टाला पाणी मारायचा, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायचा आणि ज्या साहेबाला जोडीदार नसेल त्याच्याशी खेळायचा. हात गोड होता त्याचा. पण साहेब लोकांपुढं टिकत नसे. एक वकीलसाहेब रोज यायचे, त्यांच्याशी रोज सहा-चार हरायचा. मला लहानपणी त्याचा राग यायचा. एक दिवस तरी जिंक की, असं वाटायचं.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी अमृताबरोबर. मी जिंकलो, ६-४. साठी उलटलेल्या बापाशी ही पोरगी हरते आणि राज्य स्पर्धेच्या गोष्टी करते. पाचव्या गेमला दोन सोपे बॉल बाहेर मारले. सांगितलं तर हसते. "तुमचा बॅकहँडच लई भारी आहे पप्पा." भारी आहेच. पण तिनं मनावर घ्यायला नको का?

सोमवार, २ डिसेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

संध्याकाळी जिमखान्यात गेलो तर गोकुळभाऊंनी टेबलावर हरकतीचा अर्ज ठेवला. महिला एकेरीतली खेळाडू अमृता, ही चिकलठाण्याच्या एका गृहसंकुलातल्या कोर्टवर मुलांना टेनिस शिकवते आणि त्याचे पैसे घेते. सोबत फोटो. गळ्यात शिट्टी, हातात बॉलची टोपली.

मी म्हणालो, खोटं आहे. गोकुळभाऊ शांतपणे म्हणाले, "मलाबी खोटंच वाटलं होतं. पण माझ्याच जागेवरची इमारत हाय ती, राजकुमारभाऊ. वॉचमनला इचारलं मी."

घरी आलो, विचारलं. पोरीनं मानही खाली घातली नाही.

"व्हय, घेते. दीड वर्षं झालं."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर हेच केलं असतं तुम्ही, आत्ता करताय ते."

"मी नियम लिहिला तेव्हा तरी बोलायचं."

"तुम्ही नियम लिहिला ते मला कधी सांगितलं? मला फळ्यावर दिसला. तोवर नाव देऊन झालं होतं. वाटलं, माझे पप्पाच सचिव आहेत, कोण उकरायला जातंय."

म्हणजे बापाच्या खुर्चीच्या आडोशाला लपायचं. यापेक्षा तोंडावर थुंकली असती तर परवडलं असतं. मी म्हणालो, खेळ विकायला निघालीस तू. तेव्हा ती जी बोलायला लागली ती थांबेना. रॅकेटला तारा कोण भरतं, बूट कोण घेतं, नांदेडला खेळायला गेले तर राहायचं कुठं. "तुमच्या त्या आर्न्टला बापाची दारू होती, पप्पा. मला काय आहे?"

सुलेखा आतून बाहेर आली. मला वाटलं पोरीला गप्प करेल. ती मला म्हणाली, "त्याच्या घरात दारूचा व्यापारी होता. तुमच्या घरात मी होते. तुमच्या पगारात घर चाललं असतं का अन् जिमखाना चालला असता का, कधी हिशेब मांडलाय?"

मी जेवलो नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

सही केली. अमृताचं नाव यादीतून काढलं.

दुसरं काय करणार होतो? नियम माझा, अक्षर माझं. उद्या पोरीसाठी वाकवला असता तर काय बोलले असते ते मला तोंडपाठ आहे. मार्करचा पोरगा सचिव झाला अन् पहिल्याच फटक्यात घरच्यांची सोय लावली. सव्वीस वर्षं मी त्यांना हे म्हणायची संधी दिलेली नाही. आजही दिली नाही.

गोकुळभाऊंनी माझा हात दाबला. "तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं राहिली नाहीत," म्हणाले. बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी तिघं भडकल गेटला जाऊन आलो. बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत रांग फार होती. अमृता रांगेत आईला आमच्या मध्ये घालून उभी राहिली. परत येताना रिक्षात सुलेखा म्हणाली, "आज तरी त्या माणसाच्या नावानं विचार करा. कुणाला कशात खेळू द्यायचं नाही, हे ठरवणाऱ्यांत तुम्ही कधीपासून बसायला लागला?"

मी म्हणालो, इथं जातीचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. ती रिक्षाबाहेर बघत बसली. तिचं हे बाहेर बघणं मला सहन होत नाही.

अमृतानं पुस्तक उतरवणंही बंद केलं आहे. कागद माझ्या टेबलावर परत आणून ठेवले, वर चिठ्ठी: 'कास्परचं प्रकरण गाळलंय. ते आधी द्या, मग पुढचं.'

रविवार, ८ डिसेंबर

स्पर्धा सुरू झाली. आमची जोडी पहिला सामना जिंकली. मन लागलं नाही. घरी आलो आणि केवळ पोरीचं तोंड बंद करायचं म्हणून कास्परचं प्रकरण काढलं.

आर्न्ट लिहितो की कास्पर सात वर्षांचा असल्यापासून क्लबात बॉल वेचायचा, त्याचे त्याला पैसे मिळायचे, म्हणून मोठेपणी त्याला कुठल्याच स्पर्धेत घेत नसत. आर्न्टच्या प्रत्येक मोठ्या सामन्याआधी सराव याच्याशी. पुढची ओळ जशीच्या तशी मराठीत उतरवतो: 'कास्परचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला किती गुणांनी हरायचं हे कळत असे. समोरच्या सद्गृहस्थाला घाम यावा, पण अपमान वाटू नये. बहुतेक वेळा तो सहा-चार हरे. बंद दाराआड एकदाच मी त्याला खरं खेळायला लावलं. त्याविषयी मी लिहिणार नाही.'

पुस्तक मिटलं. परत उघडलं. तीच ओळ होती.

मंगळवार, १० डिसेंबर

आता हे कसं लिहू. सकाळी चिकलठाण्याकडं गेलो होतो, अमृता शिकवते ते कोर्ट लांबून बघावं म्हणून. बघतो तर कोर्टवर अमृता आणि संस्कृती. बाजूला बाकावर गोकुळभाऊ थर्मास घेऊन बसलेले. मला बघून दचकले नाहीत, उलट हाक मारली.

"या या. म्हटलं, अमृताताई आता स्पर्धेत नाही, तर आमच्या पोरीला जरा सराव देईल. तिची फी देतोय बरं, फुकट नाय."

ज्या पैशासाठी माझ्या पोरीला बाहेर काढलं, तेच पैसे देऊन तिलाच आणलं. आणि या माणसाला त्यात वावगं काही दिसत नाही. मी बोलणारच होतो, पण नजर कोर्टवर गेली.

पाचव्या गेमला अमृतानं दोन सोपे बॉल बाहेर मारले. संस्कृती खूश झाली. सेट संपला. ६-४, संस्कृती.

मी तिथं उभा राहू शकलो नाही. स्कूटर सुरू होईना, ढकलत रस्त्यापर्यंत आणली.

बुधवार, ११ डिसेंबर

सकाळी अमृताला म्हणालो, माझ्याशी खेळ. खरं खेळ.

"कशाला पप्पा."

"खरं खेळ म्हणतो ना."

तिनं केस घट्ट बांधले. मग काय सांगू. तिची सर्व्हिस मी आजवर पाहिलेलीच नव्हती. माझा तो लई भारी बॅकहँड, त्याच्यावर तिनं इतके बॉल टाकले की शेवटी खांदा उचलेना. ६-०, ६-०. एकाही गेममध्ये मी पुढं नव्हतो. आणि काय सुंदर खेळते ती. जाळीपाशी येते तेव्हा वाटतं कोर्ट तिच्याच मालकीचं आहे. हे सगळं असताना ही पोरगी मला रविवार-रविवार सहा-चार जिंकवत होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"बारावीपासून. तुमचं तोंड उतरायचं हरल्यावर. दोन दिवस कुणाशी बोलायचे नाही."

मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या वकीलसाहेबांचा आला, पन्नास वर्षं जुना. बा रोज सहा-चार हरायचा आणि मी जाळीपाशी बॉल घेऊन उभा राहून मनात म्हणायचो, टिकत नाही हा.

गुरुवार, १२ डिसेंबर

आमची जोडी अंतिम फेरीत गेली. गोकुळभाऊंनी आयुष्यात एकही चषक जिंकलेला नाही, ते पेढे वाटत सुटले. घरी सांगितलं. सुलेखा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "सासरे रोलर ओढायचे तेव्हा तुम्ही बॉल वेचायचे ना? ते फुकट का?"

"शाळेतून येताना वेचायचो. महिन्याच्या शेवटी माझ्याही हातावर चार पैसे ठेवायचे."

"मग?"

एवढंच म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

कधीही. कोणत्याही रूपात. बैठकीत हा शब्द काढू दिला नव्हता मी.

शनिवार, १४ डिसेंबर

समितीपुढं हरकतीचा अर्ज दिला. प्रौढ दुहेरीतला खेळाडू राजकुमार, यानं लहानपणी याच कोर्टवर बॉल वेचून पैसे घेतले आहेत, सबब त्याला आणि त्याच्या जोडीला बाद करावं. अर्जदार: राजकुमार.

आधी सगळे हसले. मग गोकुळभाऊंच्या लक्षात आलं.

"काय लावलंय हे राजकुमारभाऊ? उद्या फायनल हाय. लहानपणचं कोण धरतंय."

"माझ्या पोरीचं धरलं."

"तिचं येगळं."

"काय वेगळं?"

अध्यक्ष मध्ये पडले आणि अगदी मायेनं म्हणाले, "अहो, तुम्ही आता आमच्यातलेच आहात." एवढं गोड बोलून कुणी मला आजवर इतकी जोरात थप्पड मारली नव्हती. मी म्हणालो, मी तुमच्यातला नाही, मी कडुबा मार्करच्या घरातला आहे. एक तर नियम आत्ता रद्द करा आणि अमृताला खेळवा, नाहीतर मला बाद करा.

नियम रद्द होणार नाही म्हणाले. महिलांचे सामने उपांत्य फेरीपर्यंत झालेत, आता मागं कसं फिरवायचं. मला बाद केलं. गोकुळभाऊ जाताना माझ्या खांद्याला खांदा मारून गेले. "माझा चषक खाल्ला तुम्ही," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

रविवार, १५ डिसेंबर

संस्कृती जिंकली. राज्य स्पर्धेला तीच जाणार.

मला वाटलं होतं, कालची गोष्ट ऐकून अमृता काहीतरी बोलेल. खरं सांगायचं तर कौतुकाची वाट बघत होतो. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या सहीनं माझं नाव गेलं. कालच्या अर्जानं ते आलं का?"

नाही म्हणालो.

"मग कुणासाठी केलं?"

तिच्यासाठी केलं असं म्हणता आलं असतं. ३ तारखेला सही न करणं, हे तिच्यासाठी झालं असतं. तेव्हा मला जिमखान्यात मान हवा होता आणि काल मला स्वतःचा राग फोडायचा होता. दोन्ही वेळा पोरगी बाजूलाच उभी होती.

रविवार, २२ डिसेंबर

सचिवपदाचा राजीनामा दिला. आर्न्टचं पुस्तक अर्धवटच राहू दे म्हणालो, तर अमृता म्हणाली, "पूर्ण करा. पण कास्परचं प्रकरण पहिलं टाका. मी उतरवते."

तिच्या कोर्टवर सकाळची वेळ मागितली. शिकणाऱ्या पोरांच्या आधीची दिली. फी आधी घेतली, नातेवाइकांना सूट नाही म्हणाली. डोक्यावरून विमान गेलं तरी तिचं लक्ष हललं नाही. पहिला सेट ६-०. दुसऱ्यात ५-० झालं, आणि मग मी एक गेम घेतला. शेवटच्या गुणाला तिचा बॅकहँड जाळीत गेला. तिचा बॅकहँड असा जाळीत जात नाही.

मी जाळीपाशी गेलो. "हा मी घेतला का तू दिला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

"मग मला काम येतं म्हणायचं," ती म्हणाली आणि बॉल गोळा करायला लागली.

दिवसभर डोकं तापलेलं आहे. त्या वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात किती चषक होते. मरेपर्यंत त्यांना वाटत असणार, आपण चांगले खेळायचो. अमृताचा खरा खेळ मी निदान एका बुधवारी पाहिला. बाचा खरा खेळ कुणीच पाहिला नाही, आणि मी तर रोज जाळीपाशी उभा होतो.